भृंगराज आणि निरोपाचे गाणे

घाटमाथ्यावरून खाली उतरणाऱ्या एका दाट अरण्यात एक भृंगराज राहत असे, आणि कोणी त्याचा उद्योग विचारला की तो मान वळवून दुसरीकडे पाहू लागे. बालमित्रांनो, भृंगराज हा काळाभोर, तकतकीत पिसांचा पक्षी. त्याच्या शेपटीतून दोन लांब तारा निघतात आणि प्रत्येक तारेच्या टोकाला एकेक पीस झुलत असते. तो कोतवाल पक्ष्यांच्या कुळातला. या कुळाचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला व्यवसाय पहाऱ्याचा. उंच झाडाच्या शेंड्यावर बसायचे, घार किंवा साप दिसला की ओरडायचे, वेळ पडली तर अंगावर धावून जायचे. त्यांच्या भरवशावर होले आणि साळुंक्या त्याच झाडावर घरटी बांधतात, आणि पहारेकऱ्याला त्या झाडावर मोठा मान असतो.

आपल्या भृंगराजाला मात्र शेंड्यावर बसले की घारीचा विसर पडे. खाली दोन जीव बोलू लागले की त्याचे लक्ष त्यांच्या बोलण्याच्या चालीकडे जाई. असा पहारेकरी झाडाला धोक्याचा, हे त्याला स्वतःलाही कळत होते. म्हणून त्याने शेंडा सोडला आणि गाणी करून देण्याचा उद्योग मांडला. बारशाचे गाणे, पहिल्या भरारीचे गाणे, दोन कळपांचे भांडण मिटले त्याचे गाणे, जे ज्याला हवे ते तो करून देई. तो कोणत्या थव्याचा नव्हता, कोणत्या झाडाचा बांधील नव्हता. वानरांसाठी गाणे केले की वानर फांद्या हलवीत पुढे जात आणि त्या हालचालीने जे किडे उडत, ते मागोमाग जाऊन टिपण्याची मुभा त्याला मिळे. हाच त्याचा मोबदला.

एकदा त्याची आत्या, जी स्वतः एका मोठ्या सावरीवर पहाऱ्याला होती, त्याला चारचौघांत भेटली.

"काय रे, हल्ली कुठल्या झाडावर असतोस?"

"झाड असं नाही, आत्या. गाणी करतो. बोलावतील तिथं जातो."

"ते कळलं. पण काम काय करतोस?"

शेजारच्या साळुंक्या फिसकन हसल्या. "आत्याबाई, तो वानरांच्या मागं मागं फिरतो," एक जण म्हणाली. "त्यांनी झाडलेलं वेचून खातो."

"अगं बाई! आपल्या घरातला मुलगा?" आत्याने पिसे फुलवली. "तुझ्या बापानं याच शेंड्यावरून नागाला पिटाळलं होतं. आणि तू माकडांपुढं गाणी म्हणतोस. मी लोकांना सांगू तरी काय?"

"सांगा की, गाणी करतो."

"म्हणजे लोक पुढचं विचारायला मोकळे, की मग खातो काय!"

त्या दिवसापासून भृंगराज सावरीवरून जायचे टाळू लागला. वाट लांबची पडली तरी वळसा घालून जाई.

आता या अरण्यातली एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे. तिथे कोणी मरण पावले की त्याच्या घराजवळच्या फांदीवर सारे जमत आणि निरोपाचे गाणे म्हटले जाई. हे गाणे एकदाच म्हणायचे. ते संपले की प्रत्येकाने एक पान खाली सोडायचे आणि निघून जायचे. त्यानंतर त्या जिवासाठी दुसरे गाणे कोणी करायचे नाही. मात्र घरातली लेकरे ते पाठ करीत. लेकरू मोठे होऊन प्रथमच परक्या झाडावर फळे खायला गेले की फांदीवर बसण्याआधी ते आपल्या गेलेल्या वडीलधाऱ्याचे गाणे म्हणून दाखवी, आणि ऐकणारे ओळखत की हे अमक्याच्या घरचे पोर. ज्यांना नावे नसतात, त्यांना अशी गाणीच नावाच्या ठिकाणी असतात. म्हणून गाणे करणाऱ्याने आधी त्या घरी जाऊन बसावे, ऐकावे, विचारावे आणि त्या एकट्या जिवाची म्हणून जी खूण असेल ती गाण्यात घालावी, अशी अपेक्षा असे.

भृंगराजाने पहिले निरोपाचे गाणे केले ते एका म्हाताऱ्या वानरिणीचे. तो तिच्या लेकीसुनांजवळ जाऊन बसला आणि त्या सांगतील ते ऐकत राहिला. म्हातारी पोरांना उडी मारू देण्याआधी प्रत्येक फांदी स्वतः हलवून पाहत असे, हे त्याला तिथे कळले. त्याने गायले :

"आधी हलवी फांदी, मग म्हणे ये,
भ्यालास तर माझी शेपूट घे."

ते ऐकून वानरांचा म्होरक्या, जो त्या म्हातारीचा धाकटा भाऊ होता, रडता रडता हसला. "हीच रे ती, हीच!" तो म्हणाला. "मलासुद्धा शेपूट धरायला लावायची." पुढे त्या कळपातले कोणतेही पोर कुठेही गेले आणि या दोन ओळी म्हणाले, की लोक म्हणत, "फांदी हलवणारीचा नातू. ये, बस."

त्यानंतर भृंगराजाला बोलावणी येऊ लागली. तरीही लाज गेली नव्हती. गाणे संपल्यावर कोणी "चला, आता किडे टिपा," असे सहज म्हटले, तरी त्याला ते टोचे. ही खंत त्याने फक्त एकाजवळ बोलून दाखवली. तो म्हणजे बेहड्यावरचा वृद्ध धनेश, मोठ्या पिवळ्या चोचीचा, बडबड्या आणि भला. शेंडा सोडल्यावर भृंगराजाला राहायला फांदी कोणी देईना, तेव्हा यानेच आपल्या झाडावर जागा दिली होती.

धनेशांची घर करण्याची तऱ्हा वेगळी असते. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट राहते. पिल्लू वाढेपर्यंत ती बाहेर येत नाही; आत तिची जुनी पिसे झडून नवी येतात. नर रानभर हिंडून उंबरे गळ्यात साठवतो, परत येतो आणि एकेक फळ गळ्यातून वर काढून फटीतून तिला देतो.

"यात लाज कसली रे?" धनेश म्हणाला होता. "मी गळ्यातून उंबर काढून देतो, तू गळ्यातून गाणं काढून देतोस. तुझ्या आत्याला सांग, बेहड्यावरचा म्हातारा पण तुझ्याच धंद्यातला आहे."

ढोलीतून धनेशीण म्हणाली, "अहो, आधी उंबर द्या. मग धंद्याचं बोला."

"बघितलंस? माझ्या गाण्याला ऐकणारं गिऱ्हाईक एकच, पण फार कडक!"

भृंगराज मनापासून हसला. त्याला त्या झाडावर बरे वाटे.

पण उद्योग वाढला तशी त्याच्या मनात एक भीती शिरली. ज्याचे झाड ठरलेले नसते, त्याला उद्याचे निमंत्रण ठरलेले नसते. आज एकाला नाही म्हटले तर तो दुसऱ्याला सांगेल, दुसरा तिसऱ्याला, आणि मग कोणीच विचारणार नाही, असे त्याला वाटू लागले. म्हणून तो कोणालाच नाही म्हणेना. एके दिवशी निरोपाच्या गाण्यासाठी दोन घरांची बोलावणी एकदम आली. एका घरी म्हातारी सशीण गेली होती, दुसऱ्या घरी वानरांच्या दुसऱ्या कळपातले आजोबा. दोन्ही ठिकाणी जाऊन बसणे शक्य नव्हते. वाटेत उडता उडता त्याने चार ओळी जुळवल्या :

"रिती झाली फांदी, मुके झाले रान,
हरपली आज गुणांची खाण.
थांब जरा वाऱ्या, थांब नदीबाई,
असा जिवाभावाचा पुन्हा होणे नाही."

वानरांकडे त्याने 'असा' म्हटले आणि सशांकडे 'अशी'. दोन्ही घरे रडली. भृंगराजाने तेव्हा एक गोष्ट हेरली. शोक करणारे रडायला आधीच तयार असतात. त्यांना धक्का पुरतो, मग तो कोणत्याही शब्दाने का लागेना. हे निरीक्षण खोटे नव्हते. ते वापरण्यात खोट होती. पुढच्या घरी तो पुन्हा बसायला गेला नाही, त्याच्या पुढच्या घरीही नाही. त्याच चार ओळी भेकरांकडे झाल्या, साळिंदरांकडे झाल्या. बोलावणी वाढत गेली. आता तो सावरीवरून सरळ उडत जाई आणि आत्याला वरूनच हाक मारी, "आत्या, फार घाईत आहे बघा!" आत्याही साळुंक्यांना सांगू लागली होती, "आमचा भाचा. रानात त्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही."

अशात एका सकाळी खार धापा टाकीत आली.

"चला लवकर. बेहड्यावरचे धनेशदादा गेले. उंबराखाली पडलेले सापडले."

भृंगराज थिजला. "कधी?"

"आज उजाडताना. सारे जमताहेत. वहिनी आत ढोलीत आहेत, पिल्लाला अंड्यातून निघून अजून फार दिवस झाले नाहीत. बिचारीला बाहेर येऊन बघताही आलं नाही. तुम्ही आधी त्यांच्यापाशी जाऊन बसाल ना थोडं?"

"मला पलीकडच्या ओढ्यावर जायचंय आधी. तिथं कबूल केलंय." तो अडखळला. "आणि धनेशाला मी ओळखत नाही का? त्याच्याच झाडावर राहिलोय. मला काय विचारायचंय?"

हे म्हणताना तो खोटे बोलत नव्हता. ओढ्यावरून परतताना धनेशासाठी नवे गाणे करायचे, त्यात त्याची बडबड, त्याची थट्टा, सारे घालायचे, असे त्याने मनाशी ठरवले होते. पण ओढ्यावर वेळ गेला. परतताना तो दमलेला होता. आठवू लागला तेव्हा लक्षात आले की धनेशाने आपल्याला जे ऐकवले, तेवढेच आपल्याला ठाऊक आहे. तो कुठून आला, ढोलीपाशी एकटा असताना काय बोलत असे, पिल्लू झाले तेव्हा काय म्हणाला, यातले काही आपण कधी विचारले नाही. बेहडा दिसू लागला. फांद्यांवर सारे रान जमले होते आणि त्याचीच वाट पाहत होते.

त्याने तोंड उघडले आणि बाहेर आले ते हेच : "रिती झाली फांदी, मुके झाले रान."

दुसऱ्या ओळीला त्याला वाटले की आपला आवाज मोठा झाला आहे. मग कळले, वानरांची पोरे बरोबरीने गुणगुणत होती. त्यांना ते पाठ होते. तिसऱ्या ओळीला सशांची पोरेही त्यांना येऊन मिळाली. "गप्प बसा रे," कोणी वडीलधारा दबल्या आवाजात म्हणाला. मोठी माणसे खाली पाहू लागतात तसे मोठे प्राणीही खाली पाहू लागले. गाणे कसेबसे संपले. प्रत्येकाने एक पान सोडले आणि जो तो न बोलता निघून गेला. मयताच्या घरी कोण वाद घालणार?

धनेशीण सारा ऋतू ढोलीत होती. या गाण्याचा रानात किती प्रवास झाला हे तिला ठाऊक नव्हते. तिला फक्त खूप आवाज ऐकू आले होते. फटीतून तिची चोच दिसली.

"भावजी, फार लोक गायले."

"हो, वहिनी."

"मला आतून नीट ऐकू आलं नसेल. यात त्यांचं काय आलं होतं?"

"गुणांची खाण… असं म्हटलं."

"हं," ती म्हणाली. "होतेच ते तसे." आणि मग, "दमला असाल. त्या खोबणीत पाणी साचलंय, पिऊन जा."

तिने दोन कडक शब्द सुनावले असते तर त्याला सोपे गेले असते. तो पाणी न पिताच उडाला.

बालमित्रांनो, इथे जरा थांबून विचार करण्यासारखे आहे. या पक्ष्याला आयुष्यभर एक लाज छळत होती आणि ती इतरांनी त्याच्यावर लादलेली होती. काम काय करतोस, खातोस काय, कोणाच्या मागे फिरतोस, हे प्रश्न त्याच्या उद्योगाविषयी होते आणि त्या उद्योगात लाजण्याजोगे काही नव्हते. ती लाज झटकता झटकता त्याने दुसरीही झटकून टाकली होती, जी प्रत्येक कारागिराला आपल्या हातच्या कामाविषयी वाटली पाहिजे. आज ती परत आली, आणि सगळे जण निघून गेल्यावर आली. त्यामुळे तिच्यापासून वळसा घालून जायला वाट नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तो उंबरे आणू लागला. त्याची चोच लहान, गळा त्याहून लहान. धनेश एका फेरीत जेवढे आणी, तेवढ्यासाठी याला सकाळ पुरत नसे. काही फळे पारवे आणून देत. तरी कमी पडे. अखेर धनेशिणीने पिसे पुरती आलेली नसतानाच ढोलीचे लिंपण फोडले आणि ती स्वतः उंबरे शोधायला बाहेर पडू लागली. पिल्लाने आतून ढोलीचे तोंड पुन्हा फट ठेवून लिंपून घेतले, कारण धनेशांची पिल्ले तसेच करतात. भृंगराज तरीही रोज येत राहिला आणि पिल्लू त्याला ओळखू लागले.

"काका, आज उंबर लहान आहे."

"माझी चोच बघ केवढी आहे."

"माझी मोठी होणार आहे. बाबांसारखी. आई म्हणते." मग आतून बारीक आवाजात गाणे सुरू होई, "रिती झाली फांदी, मुके झाले रान…" आणि मध्येच, "काका, पुढं काय? आई सांगते, पण तुमच्याकडून ऐकायचंय. तुम्ही केलंय ना?"

भृंगराज पुढची ओळ सांगे. न सांगून काय करणार होता? आज वहिनींना सांगून टाकू, असे तो रोज येताना ठरवी आणि जाताना उद्यावर ढकली. हे पिल्लू एक दिवस बाहेर पडेल, उंबरावर जाईल आणि फांदीवर बसण्याआधी ते गाणे म्हणेल, हे त्याला स्वच्छ दिसत होते. तिथे वानरांची पोरे असतील, सशांचीही असतील. हे दिसत असूनही तो गप्प राहिला. गाणे खोटे निघाले हे सांगण्यासाठी जे शब्द लागतात, ते त्याला करता येत नव्हते.

आणि तो दिवस उजाडला. पिल्लू लिंपण फोडून बाहेर आले, धडपडत दोन फांद्या उडाले, मग सावरले. आई म्हणाली, "जा, उंबरावर जा. बाबांचं गाणं म्हण, मगच बस." भृंगराज पुढे जाऊन उंबराच्या पानांआड बसला. कदाचित झाडावर कोणी नसेल, अशी त्याला आशा होती. झाड भरलेले होते.

पिल्लाने गळा साफ केला आणि चारही ओळी सुरात म्हटल्या. 'असा जिवाभावाचा' म्हणताना त्याने मान उंच केली.

"ए, थांब!" वानराचे एक पोर ओरडले. "हे आमच्या आजोबांचं आहे."

"तुमचं कसं? माझ्या बाबांचं आहे."

"तुझे बाबा वानर होते?" पोरे हसली.

"आमच्या आजीचं पण हेच," खालून सशाचे पोर म्हणाले. "फक्त 'अशी' म्हणायचं."

"म्हणजे याचे बाबा तुझी आजी!" आता पोरे फांदीवर लोळू लागली. "चोर आहे हा! मोठ्या चोचीचा चोर. दुसऱ्याचं गाणं म्हणून आमची उंबरं खायला आलाय."

पिल्लू गोंधळले. "आईनं शिकवलंय मला. आई खोटं बोलत नाही," ते म्हणाले, पण आवाज फुटत होता.

पानांआड बसून राहणे सोपे होते. पोरे थोडा वेळ हसली असती, पिल्लू रडत घरी गेले असते आणि धनेशिणीला सारे आपोआप कळले असते. भृंगराजाने हा विचार केला, नाही असे नाही. मग तो बाहेर येऊन मधल्या फांदीवर बसला.

"तो चोर नाही," तो म्हणाला.

पिल्लाचा चेहरा उजळला. "काका! सांगा ना यांना. हे गाणं तुम्ही माझ्या बाबांसाठी केलंत ना?"

"केलं मीच. बाबांसाठी नाही."

"मग कुणासाठी?"

"कुणासाठीच नाही. एकदा करून ठेवलं होतं. जिथं बोलावलं तिथं देत गेलो."

हसणे थांबले. वानरांच्या त्या दुसऱ्या कळपाचा म्होरक्या, एक पोक्त वानर, वरच्या फांदीवरून खाली उतरला. "आमच्या म्हाताऱ्याला पण तेच दिलंस?"

"हो."

"बेहड्यावर ऐकलं तेव्हा वाटलं, आमचं गाणं धनेशाला दिलंस. राग आला होता, पण गप्प बसलो, दुःखाचं घर म्हणून." त्याने आपल्या पोरांकडे पाहिले. "आता कळतंय, आमचंही ते आमचं नव्हतं."

भृंगराजाची मान खाली होती. शेपटीच्या दोन्ही तारा लटकत होत्या. सशांची पोरे हळूच झुडपात निघून गेली.

"बस रे बाळा," वानर पिल्लाला म्हणाला. "खा. तुझा बाप याच झाडावर यायचा, आम्ही सगळे ओळखतो."

पण पिल्लू बसले नाही. ते भृंगराजाकडेच पाहत होते. "मग मी कुणाचा म्हणून सांगू?" त्याने विचारले. "उद्या दुसऱ्या झाडावर गेलो तर? तिथं बाबांना कुणी ओळखत नसेल तर?"

"घरी जाऊ," भृंगराज म्हणाला. "आई सांगेल बाबांचं. मी पण ऐकेन."

"तुम्ही कशाला?"

"मला विचारायचं राहून गेलं होतं."

पिल्लू उडाले. भृंगराज मागे मागे गेला. पिल्लू त्याच्यासाठी थांबले नाही.

बेहड्यावर त्याने धनेशिणीला सारे सांगितले, ओढ्यावरच्या घाईपासून उंबरावरच्या हशापर्यंत. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"तुम्ही रोज येत होता, भावजी," ती म्हणाली. "रोज या फटीपाशी येत होता. एका शब्दानं बोलला असतात, तर मी पोराला आज पाठवलं नसतं."

"हो, वहिनी."

"उंबरं आणलीत, ते मी विसरणार नाही. हेही विसरणार नाही."

मग ती पिल्लाकडे वळली आणि त्याच्या बापाविषयी सांगू लागली. तो रात्री झोपेतसुद्धा फळांची नावे घेत असे. पिल्लू अंड्यातून निघाले तेव्हा तो इतका बोलला की उंबर द्यायचे विसरला. परत येताना तो दुरूनच पंखांचा मोठा आवाज करी, म्हणजे आत तिला कळावे की आलो. भृंगराज एका कडेला बसून ऐकत होता. यातल्या प्रत्येक गोष्टीत एक गाणे होते आणि त्यातले एकही आता करता येणार नव्हते. रीत तशी होती, आणि ती मोडायला सांगण्याचे तोंड त्याला उरले नव्हते. पिल्लाने आईच्या कुशीत डोके घातले होते. काकांकडे त्याने एकदाही वळून पाहिले नाही.

या कथेला पुढे गोड शेवट जोडावा, असा मोह सांगणाऱ्याला होऊ शकतो. भृंगराजाने अलौकिक गाणे केले, सारे रान रडले आणि त्याला क्षमा मिळाली, असे काही. तसे झाले नाही. त्या ऋतूत त्याला कोणी बोलावले नाही. आत्याच्या सावरीला तो पुन्हा वळसा घालून जाऊ लागला, आणि या वेळी आत्याने काही विचारले असते तर वळसा कशासाठी, याचे खरे उत्तर त्याला ठाऊक होते. पुढे हळूहळू बोलावणी आली, पण थोडी. तो आधी जाऊन बसे, ऐके, विचारी आणि एका वेळी एकच घर घेई. गाणी चांगली होत. तरीही प्रत्येक घरी, गाणे सुरू होण्याआधी, कोणीतरी संकोचून एक प्रश्न विचारीच : "हे आमचंच ना?"

आणि भृंगराज मान खाली घालून म्हणे, "हो. तुमचंच."

तात्पर्य : शब्दांवर पोट भरण्यात लाज नाही. पण ज्याच्यासाठी शब्द मागितले त्याला न पाहता, न विचारता ते पुरवले, तर ते घेणाऱ्याच्या लेकरांना अपमान सोसावा लागतो आणि देणाऱ्याला आपल्या खऱ्या शब्दांसाठीही जन्मभर ग्वाही द्यावी लागते.